उपाहारगृहाचा धंदा आणि त्यातील माणूस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रताप नगर, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा प्रथम मी संकोचलो. या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक, वकील, डॉक्टर अशा अधिकारी मंडळींची व्याख्याने आपण ऐकली आहेत. मी मात्र वयाच्या सतराव्या वर्षापासून निवृत्तीपर्यंत हॉटेलात नोकरी केलेला माणूस. १९७१ साली काटोल तालुक्यातील खेड्यातून नागपुरास आलो आणि सीताबर्डीवरील एका उपाहारगृहात कपबशा विसळण्याच्या कामास लागलो. पुढे वाढपी झालो, गल्ल्यावर बसलो, आणि शेवटी व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याजवळ नाही. अनुभवाचे जे थोडेफार आहे ते आपल्यापुढे मांडतो. काही उणे-अधिक बोलून गेलो तर घरचा माणूस म्हणून क्षमा करावी.

विषय निवडण्यास कारणही तसेच आहे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आज या धंद्यात आहेत. कुणाची खानावळ आहे, कुणाचे पोह्याचे नि चहाचे दुकान आहे, कुणी लग्नकार्याच्या जेवणाची कंत्राटे घेतात. वर्धा मार्गावर विमानतळापर्यंत मोठमोठी हॉटेले उभी राहिली आणि आपल्या प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या भागातील मुलेमुली तेथे नोकरीस जाऊ लागली. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेणारी मुलेही आता घरोघर दिसतात. म्हणजे मालक आपल्यात आहेत, नोकरही आपल्यात आहेत, आणि गिऱ्हाईक तर आपण सारेच आहोत. अशा वेळी या धंद्यात माणसाने माणसाशी कसे वागावे, याचा विचार समाजाच्या मेळाव्यात झाला नाही तर तो कोठे व्हावयाचा?

प्रथम एक जुनी गोष्ट आठवू या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बाहेरचे खाणे हे कमीपणाचे मानीत. प्रवासास निघताना दशम्या नि तहानलाडू-भूकलाडू बांधून देत. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीस बसावे याचे निर्बंध कडक होते, आणि उपाहारगृहांच्या पाट्यांवरही जातींची नावे झळकत असत. समाजातील मोठ्या वर्गाला तर तेथे पाऊल टाकण्याचीही बंदी असे. २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात असे स्पष्ट सांगितले आहे की, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणास्तव कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले येथे मज्जाव करता येणार नाही. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव मुद्दाम घालावे लागले, यावरून या धंद्याचे सामाजिक महत्त्व ध्यानी यावे. एका बाकावर शेजारी शेजारी बसून चहा पिण्यास आपला समाज शिकला, त्यात या साध्या उपाहारगृहांचा वाटा लहान नाही.

परंतु बंधुजनहो, बाहेरच्या दालनातील भेद गेले म्हणून आतल्या स्वयंपाकघरातील भेद गेले, असे मला म्हणवत नाही. भट्टीपाशी कोण उभा राहील, गल्ल्यावर कोण बसेल, आणि मोरीवर भांडी घासायला कोण जाईल, हे अजूनही कित्येक ठिकाणी गुण पाहून ठरत नाही. आजच्या माझ्या बोलण्याचा रोख या आतल्या बाजूकडे आहे.

अलीकडे ‘कार्यसंस्कृती’ असा एक भारदस्त शब्द कानावर येतो. मोठ्या हॉटेलांत तर भिंतीवर चौकट करून तो लावतात. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ सोपा आहे. मालक जागेवर नसताना नोकर जसा वागतो, आणि गिऱ्हाईक समोर नसताना मालक नोकराशी जसा वागतो, त्या दोहोंची बेरीज म्हणजे त्या जागेची कार्यसंस्कृती. इतर धंद्यांत मालाचा दोष झाकता येतो, दुरुस्तही करता येतो. हॉटेलात माल तयार होतो त्याच क्षणी तो गिऱ्हाइकाच्या पुढ्यात जातो, आणि तो नेणारा माणूस हा त्या मालाचाच भाग असतो. वाढप्याच्या मनात सल असेल तर तो त्याच्या हाताला, नजरेला आणि शब्दाला कळतो. आतून दुखावलेल्या माणसाकडून बाहेर आदरातिथ्य करवून घेण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. ही गोष्ट मी आजवर जाहीरपणे कधी सांगितली नाही.

नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा आमच्या धंद्याची काय धावपळ उडते, हे आपण जाणताच. अशाच एका अधिवेशनाच्या दिवसांत मी एका हॉटेलात व्यवस्थापक होतो. ते हॉटेल आता नाही, आणि त्याचे नाव घेण्याचे प्रयोजनही नाही. तेथे आपल्याच समाजातील सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आईला ‘मी आहे ना, काळजी करू नका’ असा शब्द देऊन मीच त्याला गावाहून आणले होते. चौदा-चौदा तास काम चालले होते. रात्री दहाच्या सुमारास दमलेल्या त्या मुलाचा पाय ओल्या फरशीवरून सरकला आणि कढईतील तेल त्याच्या हातावर उडाले. मी त्याला दवाखान्यात नेले, मलमपट्टी करविली, तेथपर्यंत ठीक झाले. महिनाअखेरीस मालकांनी सांगितले की, दवाखान्याचा खर्च उचल म्हणून धरावा, आणि तो जितके दिवस पडून होता तितके खाडे मांडावेत. वर ते असेही म्हणाले, “अहो, तो तर आपल्या घरचाच मुलगा. तो काय तक्रार करणार आहे?”

मी काही बोललो नाही. हजेरीपटावर बारा दिवसांचा खाडा मी माझ्या हाताने मांडला.

पुढच्या आठवड्यात त्याची आई त्याला घ्यावयास आली. तिने भांडण केले नाही, पैसे मागितले नाहीत. मुलाचे गाठोडे उचलता उचलता तिने मला एवढेच विचारले, “भाऊ, तुमी तं तिथंच होते न?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. तो मुलगा पुन्हा या धंद्यात आला नाही, आणि त्याच्या गावातून पुढे कित्येक वर्षे कोणी आमच्या हॉटेलात कामास आले नाही.

त्या दिवसापासून ‘घरच्यासारखा’ या शब्दाची मला भीती वाटू लागली. आपल्या समाजात हा शब्द फार गोड मानतात. नात्यातला, गावातला, ज्ञातीतला मुलगा कामास ठेवला की तो घरच्यासारखा. घरच्यासारखा म्हणून त्याचा पगार ठरवावयाचा नाही. घरच्यासारखा म्हणून त्याला सुटी मोजून द्यावयाची नाही. घरच्यासारखा म्हणून रात्री अकरालाही हाक मारावयाची. मात्र नुकसान झाले, आजारपण आले, की त्या दिवशी तो परका नोकर होतो आणि त्याचा हिशेब पैशापैशाने होतो. घरच्याचे कष्ट आणि परक्याचे हक्क, असा हा दुहेरी अन्याय आहे. तो आपण आपल्याच लेकरांवर करतो, आणि तोही उपकाराच्या भावनेने करतो. परक्या मालकाकडे असलेला मुलगा निदान तक्रार तरी करू शकतो. आपल्याकडे असलेल्या मुलाच्या तोंडाला नात्याचे कुलूप असते.

नोकराला घरच्यासारखे वागविणे वाईट, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नका. माया असावीच. परंतु आधी नियम असावा आणि नियमावर माया असावी. नियमाच्या जागी माया ठेवली की ती मालकाच्या लहरीवर चालते.

आता दोन-तीन थोर उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो. ती काल्पनिक नाहीत. सर्वांना ठाऊक असलेल्या संस्थांची आहेत.

मुंबईचे ताजमहाल हॉटेल जमशेटजी टाटांनी उभारले आणि ते १९०३ साली सुरू झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यावर अतिरेक्यांचा हल्ला झाला. त्या रात्री तेथील नोकरवर्गाने जे केले, ते आपण वृत्तपत्रांतून वाचले आहे. मागील दारे, जिने यांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. मनात आणते तर ते सर्वांआधी बाहेर पडू शकले असते. तसे न करता त्यांनी पाहुण्यांना बाहेर काढले. थॉमस व्हर्गीस नावाच्या ज्येष्ठ वाढप्याने आपल्या उपाहारगृहातील पाहुण्यांना पुढे घातले, स्वतः शेवटी राहिला आणि गोळीस बळी पडला. स्वयंपाकघरातील मंडळींनी पाहुण्यांच्या भोवती आपल्या देहांचे कडे केले. मल्लिका जगड ही जेमतेम चोवीस वर्षांची मुलगी एका मेजवानीची व्यवस्था पाहत होती. तिने दिवे घालविले, दारे बंद केली आणि रात्रभर पाहुण्यांना धीर दिला. हॉटेलचे व्यवस्थापक करमबीरसिंग कांग यांची पत्नी व दोन मुले वरच्या मजल्यावर आगीत सापडून गेली, तरी ते बचावकार्यातून हलले नाहीत.

हे सारे पाहून हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक रोहित देशपांडे आणि त्यांच्या सहकारी अंजली रैना यांनी या घटनेचा अभ्यास केला व २०११ साली तो प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की, जिवावर उदार होण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता, मग ही माणसे अशी का वागली? त्यांना उत्तर सापडले ते नोकरभरतीत, शिक्षणात आणि कौतुकाच्या पद्धतीत. या संस्थेत मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतील मुलांना पसंती देत. मुलगा शिक्षकांशी व वडीलधाऱ्यांशी कसा वागतो, अडचणीतही तो प्रसन्न राहतो काय, आणि घरच्यांना त्याच्या कमाईची किती गरज आहे, हे तीन प्रश्न मुख्यतः पाहत. इतरत्र बारा महिन्यांत उरकणारे शिक्षण येथे अठरा महिने चाले. पाहुणा आणि संस्था यांच्या हितात अंतर पडले तर पाहुण्याची बाजू घ्यावी, अशी मोकळीक नोकराला दिलेली असे. चांगल्या कामाचे कौतुक वर्षअखेरीसाठी राखून न ठेवता ते लगेच करावे, असा प्रघात होता.

या तीन प्रश्नांकडे आपण बारकाईने पाहावे. ज्या मुलाला आपण ‘खेडवळ’ म्हणून मोरीवर उभा करतो, त्याच्याच अंगी सर्वांत उंच गुण असू शकतात, हे जगप्रसिद्ध हॉटेलाने ओळखले. आपण त्याला ओळखतो काय?

दुसरे उदाहरण कॉफी हाऊसचे. कॉफी मंडळाने देशभर चालविलेली कॉफीगृहे १९५० नंतरच्या दशकात बंद करावयास घेतली आणि शेकडो कामगारांच्या पोटावर गदा आली. तेव्हा कामगार पुढारी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने या वाढप्या-आचाऱ्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. पहिली संस्था १९५७ साली बंगलोर येथे निघाली. पुढे दिल्ली, पुणे, कलकत्ता, जबलपूर आणि आपल्या नागपुरातही अशा संस्था झाल्या. डोक्याला तुऱ्याचा फेटा, कमरेला पट्टा अशा वेशातील तो वाढपी आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. ज्याच्या हाती आपण कपाची ऑर्डर देत होतो, तो त्या संस्थेचा भागीदार होता आणि कारभारी मंडळ निवडण्याचा हक्क त्याला होता. त्याच्या चालण्यातला आब पाहिला की हे समजत असे. या संस्थांच्या वाट्याला अडचणी आल्या नाहीत असे नाही. काही ठिकाणची कॉफीगृहे बंदही पडली. परंतु नोकराला धंद्यात वाटा आणि शब्द दिला तर तो धंदा बुडवितो, ही समजूत त्यांनी खोटी ठरविली. बाहेरचा मालक नसताना ही कॉफीगृहे पिढ्यान्‌पिढ्या चालली.

तिसरे उदाहरण आपल्या भगिनींसाठी. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना घरगुती जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. गिरणी कामगारांच्या संपाच्या दिवसांत उधारीवर जेवण घालून त्यांनी संप तगविले, परंतु स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात अडकल्या. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. ज्या बायकांना ‘खानावळवाली’ म्हणून नाक मुरडीत, त्या बँकेत स्वतःच्या नावाने खाते उघडून व्यवहार करू लागल्या. काम तेच, चूलही तीच. परंतु व्यवहाराला शिस्त आली आणि त्याबरोबर मान आला.

आपणापैकी लहान दुकानदार आता मनात म्हणत असतील, ‘ताजमहालाच्या गोष्टी ठीक आहेत. आमच्याकडे सहा टेबले आणि चार माणसे. आम्हाला हे कसे परवडावे?’ प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. अठरा महिन्यांचे शिक्षण लहान दुकानाला परवडणार नाही, हे उघड आहे. परंतु एखादा आचारी रागाने निघून गेला म्हणजे काय होते, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? नवा आचारी येईपर्यंत मालक स्वतः भट्टीपाशी उभा राहतो आणि गल्ला मोकळा पडतो. नवा माणूस येतो तो अधिक पगार आणि उचल मागून. रश्श्याची चव बदलते आणि रोजचे गिऱ्हाईक दोन दिवस नाक मुरडून तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात जाते. हा खर्च वहीत दिसत नाही म्हणून तो होत नाही असे नाही. माणूस टिकविण्याचा खर्च दिसतो, माणूस गमावण्याचा दिसत नाही. एवढाच काय तो फरक.

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि एका रात्रीत सारी हॉटेले बंद पडली. नागपुरातून जाणाऱ्या महामार्गांवरून डोक्यावर बोजा घेऊन चाललेली माणसे आपण सर्वांनी पाहिली. त्यांत आमच्या धंद्यातील माणसे फार होती. त्या वेळी आपल्याच भागातील एका लहान खानावळवाल्याने आपल्या चार माणसांना सांगितले, “पूर्ण पगार मला जमणार नाही, पण आपल्या सर्वांची चूल एक राहील.” त्याने त्यांना दुकानातच ठेवले, दोन वेळचे जेवण दिले, आणि जमेल तेवढे पैसे त्यांच्या घरी धाडले. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात उपाहारगृहे पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली. ज्यांनी माणसांना वाऱ्यावर सोडले होते ते मालक आचारी शोधत हिंडत होते. या गृहस्थाची खानावळ पहिल्याच दिवशी त्याच चवीने सुरू झाली. त्याने हे काही धंद्याची युक्ती म्हणून केले नव्हते. परंतु सचोटी पुष्कळदा व्यवहारालाही धरून असते, एवढे यावरून दिसते.

तेव्हा लहान मालकालाही करता येण्याजोग्या काही गोष्टी मी नम्रपणे सुचवितो.

पगार आधी ठरवावा, कागदावर लिहावा आणि ठरल्या दिवशी द्यावा. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असा कायदाच आहे. उचलीच्या साखळीने माणूस बांधून ठेवू नये. उचलीने बांधलेला माणूस शरीराने राहतो, मनाने केव्हाच गेलेला असतो.

आठवड्याची सुटी मोजून द्यावी. आमच्या धंद्यात दिवसाची पाळी दोन तुकड्यांत मोडण्याची चाल आहे. सकाळी दहा ते तीन आणि पुन्हा सहा ते अकरा. मधल्या तीन तासांत माणूस घरी जाऊ शकत नाही आणि कामावरही नसतो. निदान त्याला पाठ टेकण्यास स्वच्छ जागा, पंखा आणि पिण्याचे पाणी असावे. मुंबईच्या जुन्या उडपी हॉटेलांतील कितीतरी पोरे दिवसा टेबले पुसून रात्रशाळेत शिकली आणि पुढे मोठी झाली. ज्या मालकांनी त्यांना संध्याकाळी वेळेवर सोडले, त्यांचे पुण्य मी देऊळ बांधणाऱ्याच्या पुण्याहून कमी मानीत नाही.

नोकराचे जेवण गिऱ्हाइकाच्या जेवणाइतकेच ताजे असावे. काल उरलेले आज नोकराला, ही रीत ज्या दुकानात आहे तेथे गिऱ्हाइकालाही केव्हातरी शिळे जाणारच. स्वयंपाकघरात जे खपते ते बाहेरही खपू लागते.

चूक झाल्यास गिऱ्हाइकासमोर नोकराचा पाणउतारा करू नये. बाजूस घेऊन सांगावे. आणि कौतुक मात्र चारचौघांत करावे. बहुतेक ठिकाणी हे नेमके उलट चालते.

बक्षिशीचे पैसे एका पेटीत जमा व्हावेत आणि त्यांत आचारी, वाढपी व भांडी घासणारा या सर्वांचा ठरीव वाटा असावा. पाहुणा खूश होतो तो केवळ वाढणाऱ्यावर नव्हे. घासून लख्ख केलेल्या ताटावरही तो खूश झालेला असतो.

चौदा वर्षांखालील मूल कामास ठेवू नये. हॉटेले व धाबे यांत मुलांना कामास ठेवण्याची बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच धंद्यांस लागू झाली. तरीही ‘गावाकडून शिकायला आणला आहे’ असे सांगून पोरे ठेवणारे महाभाग अजून आहेत. तसेच, आता मुली मोठ्या संख्येने या धंद्यात येत आहेत. जेथे दहा वा अधिक माणसे कामास आहेत तेथे स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीला घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था हा तर मालकाच्या इभ्रतीचा प्रश्न समजावा.

आणि अखेरची गोष्ट, जी या व्यासपीठावरून सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते. भरती करताना ज्ञाती पाहू नका. मंडळाच्या सभेत हे बोलणे काहींना रुचणार नाही. आपल्या मुलांना काम मिळावे ही इच्छा मलाही आहे. परंतु सारे वाढपी आपले आणि मोरीवर मात्र दुसरे, अशी वाटणी जेथे असते तेथे एकोपा कसा नांदणार? शिवाय सारेच नात्यातले असले की चूक दाखविणे कठीण होते, आणि गुणी परका मुलगा ‘येथे मला वर चढायला वाव नाही’ हे ओळखून निघून जातो. आपल्या मुलाला आपण शिकवून लायक करावे. मग त्याला ज्ञातीच्या शिफारशीची गरज पडणार नाही.

आतापर्यंत मालकांना बोललो. आता थोडे आपणा सर्वांना, कारण गिऱ्हाईक आपणच. आपल्या लग्नसमारंभांत पन्नास-पन्नास पदार्थ मांडलेले असतात. ते वाढण्यास उभी असलेली मुले सकाळी सहापासून उभी असतात. त्यांना आपण ‘ए पोऱ्या’, ‘ए छोटू’ अशी हाक मारतो. आपली मुले ते ऐकतात आणि शिकतात. ‘दादा, जरा पाणी द्याल काय?’ असे म्हणण्यास पैसा पडत नाही. आणि पंगत उठल्यावर त्या मुलांचे जेवण झाले काय, याची एकदा चौकशी यजमानाने स्वतः करावी. वऱ्हाडी मंडळींइतकाच मान मिळाला नाही तरी निदान गरम जेवण तरी त्यांना मिळावे.

पालकांनाही विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी हॉटेलच्या शिक्षणास जातो म्हणाली की कित्येक घरांत सुतकी चेहरे होतात. सोयरीक जुळताना ‘मुलगा हॉटेलात आहे’ हे दबक्या आवाजात सांगतात. भुकेल्याला अन्न आणि थकलेल्याला विसावा देणारे काम हलके कसे? अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती, आणि त्या देवाची पूजा करणारा पुजारी मात्र हलका, ही विसंगती आपण सोडून दिली पाहिजे. तरुणांनाही सांगतो की, पहिली दोन वर्षे कष्टाची जातील. प्रत्येक काम हाताने शिका. ज्याने स्वतः भांडी घासली आहेत त्याला पुढे भांडी घासणाऱ्याशी कसे बोलावे हे शिकवावे लागत नाही. आणि अन्याय दिसला तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

मंडळापुढे मी एक लहानशी सूचना ठेवून भाषण संपवितो. आपल्या समाजातील जे उपाहारगृहवाले, खानावळवाले आणि जेवणाचे कंत्राटदार आहेत, त्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे. पगाराचा कागद, आठवड्याची सुटी आणि कामावर दुखापत झाल्यास औषधोपचाराचा खर्च मालकाने सोसणे, एवढे तीनच नियम त्यांनी स्वखुशीने स्वीकारावेत. जे ते पाळतील त्यांची नावे मंडळाने पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावीत. देणगीदारांची नावे आपण छापतोच. त्यांच्याच शेजारी ही नावेही शोभतील. तिसऱ्या नियमासाठी मंडळाने एक निधी उभारावा. माझ्या निवृत्तीवेतनातून दरमहा काही रक्कम त्या निधीस देण्याचे मी येथे जाहीर करतो. ती रक्कम फार मोठी नाही. बारा दिवसांचा एक जुना खाडा माझ्या नावे मांडलेला आहे. तो फेडण्याचा हा उशिराचा प्रयत्न समजावा.

 बाहेर मंडपात जेवणाची पाने मांडली जात आहेत. ती मांडणाऱ्या मुलांची नावे विचारूनच आपण आज पानावर बसावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.